पूर्ण बिस्मिल्ला

आमच्या गावच्या उरुसात दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खेळण्यांच्या दुकानांच्या ओळीत, एक माणूस पाटीत रंगीत पिल्ले घेऊन बसतो. गुलाबी, हिरवी, जांभळी. लहान मुलांना वाटते ती अशीच जन्माला येतात. काही वर्षांपूर्वी माझ्या नातीने हट्ट करून त्यातली दोन गुलाबी पिल्ले घेतली आणि रात्री बुटाच्या खोक्यात घालून उशाशी ठेवली. पहाटे एक गारठून मेलेले होते. दुसरे मान टाकून पडले होते, पण चोच हलत होती. मी खोक्यावर साठ वॉटचा बल्ब टांगला, गुळाचे पाणी बोटाने त्याच्या चोचीला लावले. ते जगले. मेलेल्याला परसात पुरताना नातीने विचारले, "दादा, इनकू थंडी लगती, ये बेचनेवाले को मालूम नइं था क्या?"

मालूम होते. पण ते त्याला मालूम असून उपयोग नव्हता, हे मला पुढे कळले.

वाचलेल्या पिल्लाचा गुलाबी रंग तीन-चार आठवड्यांत गेला आणि खाली पांढरीशुभ्र पिसे आली. चार महिन्यांत मोठा तुरा असलेला, काटकुळा, सारखा आरवणारा कोंबडा तयार झाला. खायचा भरपूर, अंगाला काही लागायचे नाही. जनावरांच्या दवाखान्यातले एक ओळखीचे डॉक्टर त्याला पाहून हसले. म्हणाले, "सर, हा अंड्याच्या जातीचा नर. हा कुणालाच नको असतो."

त्यांनी सांगितले ते असे. कारखानदारी पद्धतीच्या कुक्कुटपालनात अंड्याची कोंबडी आणि मांसाची कोंबडी या दोन जाती आता पार वेगळ्या झालेल्या आहेत. मांसाच्या जातीत नर-मादी दोन्ही खपतात. अंड्याच्या जातीतला नर अंडी देत नाही आणि खाल्लेल्या दाण्याच्या मानाने मांसही धरत नाही. उबवणी केंद्रात तर निम्मी पिल्ले नरच निघणार. तो निसर्गाचा हिशेब आहे. मग पहिल्याच दिवशी निवड होते. शेपटीखाली दाबून एका दिवसाच्या पिल्लाचा नर-मादी ओळखायची युक्ती मासुई आणि हाशिमोतो या जपानी संशोधकांनी 1920 च्या दशकात शोधली, आणि तिच्यामुळे ही निवड मोठ्या प्रमाणावर शक्य झाली. मादी खोक्यात जाते, नर यंत्रात दळला जातो किंवा वायूने मारला जातो. जगभर दर वर्षी अशी सात अब्जांच्या आसपास पिल्ले मारली जातात, असा अंदाज नेहमी दिला जातो. त्यातून सुटलेली थोडी रंग लावून जत्रेत, उरुसात, शाळेच्या फाटकाशी येतात. त्यांना ऊब द्यायला कुणाला परवडत नाही. कारण ती जगावीत, अशी कुणाचीच गरज नसते.

मी तो कोंबडा पाळला, पण त्याच्याकडे पाहताना स्वस्थ वाटेनासे झाले. याचे एक कारण आमच्या घराण्यात आहे.

आमचे घर मुलाण्याचे. गावगाड्यात मुलाण्याकडे मशिदीची दिवाबत्ती आणि सुरी ही दोन कामे. जत्रेचा बोकड असो की पाहुण्यासाठीची कोंबडी असो, मराठ्याच्या घरची असो की धनगराच्या, सुरी आमच्या आजोबांची. त्याबद्दल मांसातला वाटा आणि सुगीला धान्य. आजोबांना अरबी धड वाचता येत नव्हते. हदीसच्या ग्रंथांची नावेही त्यांना सांगता आली नसती. पण सुरीचे नियम त्यांच्या हाताला पाठ होते. सुरी घरूनच पाजळून न्यायची, जनावरासमोर घासायची नाही. एकाच्या देखत दुसरे कापायचे नाही. आधी पाणी दाखवायचे. थंड झाल्याशिवाय सोलायला हात लावू द्यायचा नाही. लग्नघरी लोक घाई करत, पण आजोबा उकिडवे बसून राहत. आणि प्रत्येक जिवावर अल्लाहचे नाव. वीस कोंबड्या असल्या तर वीस वेळा. 'एकदाच म्हणा आणि सगळ्या कापा' असे त्यांना कुणी सुचवले की ते म्हणत, "जान एक-एक की है."

त्या वेळी काय म्हणतात हे मी लहानपणापासून ऐकत आलो. 'बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर.' जेवायला बसताना, वही उघडताना, दार उघडताना आपण पूर्ण बिस्मिल्ला म्हणतो, तिच्यात 'रहमान' आणि 'रहीम' ही अल्लाहची दोन दयावाचक नावे येतात. सुरी चालवताना ती दोन नावे घेत नाहीत. मी आजोबांना कारण विचारले होते. ते म्हणाले, "गले पर छुरी रखके रहम का नाम लेना, शरम नइं आती?" आलिम लोकही साधारण हेच कारण देतात, फक्त त्यांची भाषा सभ्य असते.

कापताना नाव कशासाठी, याचा मी माझ्यापुरता लावलेला अर्थ असा, की हा जीव तुझा नव्हे. ज्याचा आहे त्याच्या परवानगीने, गरजेपुरता आणि उघडपणे तू तो घेतो आहेस. कापणारा तिथे हजर असतो. त्याचे हात भरतात. त्याला कुणी विचारले तर तो 'मी नव्हतो' म्हणू शकत नाही. पहिल्या दिवशी यंत्रात गेलेल्या पिल्लावर कुणी नाव घेत नाही. कारण ते कुणाच्या ताटातही येणार नसते. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. ते भयंकर होते, पण त्याला काहीतरी कारण सांगता येत होते; माणसांचा जीव वाचवायचा होता. इथे कारण एवढेच, की जन्माला आलेला नर निघाला.

कुरआनात कयामतच्या दिवसाच्या वर्णनात जिवंत पुरलेल्या मुलीला उभे केले आहे. तिच्याशी कोंबडीच्या पिल्लाची बरोबरी मी करणार नाही; तो तिचा अपमान होईल. पण मुलगा-मुलगी पाहून गर्भाचा निकाल लावणाऱ्या लोकांच्याच या प्रांतात मी आयुष्यभर शिक्षकी केली आहे. वर्गातल्या मुली मोजल्या आहेत. त्यामुळे नुसत्या लिंगावरून जिवाची किंमत ठरली की माझे कान उभे राहतात, मग तो जीव कुणाचा का असेना.

निवृत्तीनंतर मी अंडी उबवायचे छोटे यंत्र विकत घेतले. मुलगा म्हणाला, "अब्बा, या वयात हा काय उद्योग?" खरे सांगायचे तर उद्योग नव्हताच. मला पाहायचे होते, की जीव जन्माला घालणारा माणूस कुठल्या क्षणापासून जबाबदार होतो.

यंत्र म्हणजे थर्माकोलचे अस्तर लावलेली पेटी. आत गरम होणारी तार, पंखा, पाण्याची तबकडी आणि साठ अंड्यांची हलती चौकट. साडेसदतीस अंश उष्णता. पहिले अठरा दिवस आर्द्रता पन्नास-पंचावन्न टक्के, शेवटचे तीन दिवस पासष्ट-सत्तर. अंडे दिवसातून अनेकदा फिरवावे लागते, नाहीतर आतला जीव कवचाच्या बाजूला चिकटतो. खुडूक कोंबडी हेच चोचीने करते. ही कल्पना नवी नाही. मिसर देशात मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवायची जुनी विद्या आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस तिथे गेलेला हकीम अब्दुल लतीफ बगदादी याने तिचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे, आणि तिथे कोंबडीने उबवलेले पिल्लू क्वचितच दिसते असेही नोंदवले आहे. त्या भट्ट्यांवरचे कामगार अंडे पापणीला लावून उष्णता ओळखत. पापणी ही निदान माणसाची होती, असे मला यंत्रावरचे लाल आकडे पाहताना वाटायचे.

गावातून गावरान अंडी गोळा केली, मांडली, बटण दाबले. कामाला सुरुवात म्हणून ओठांवर आपोआप बिस्मिल्ला आली. पूर्ण. रहमान आणि रहीम यांच्यासकट.

तेव्हा काही वाटले नाही. रात्री झोपताना आठवले. ही दोन नावे ज्या धातूपासून येतात, त्याच धातूपासून अरबीत गर्भाशयाचा शब्द येतो. मी थर्माकोलचे गर्भाशय सुरू करताना दयेची साक्ष काढली होती. सुरीच्या वेळी मुलाण्याने ती दोन नावे वगळायची हे आम्हाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक. पण जिथे ती घेतली तिथे आपण कशाला बांधले गेलो, हे कुणी सांगितले नव्हते. फिकहच्या पुस्तकांत सुरीवर प्रकरणे आहेत. बटणावर कुठून असणार?

सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा ठिपका. साठांपैकी अकरा वांझ निघाली. ती काढताना मनाला काही लागले नाही. पुढे चार आतल्या आत थांबली. त्यांच्या वेळी लागले. सहाव्या दिवशी लागले नसते आणि आठव्या दिवशी लागते, ही रेघ कुठे आहे? माणसाच्या गर्भाबद्दल आपल्याकडे 120 दिवसांचा हिशेब आहे. अंड्याचा हिशेब कुणी मांडलेला मला भेटला नाही. जर्मनीने 2022 पासून नर पिल्ले मारायला बंदी केली. तिथे आता अंड्यातच नर ओळखून ते अंडे आधीच काढतात. वेदना टळते, हे चांगलेच आहे. पण प्रश्न सुटला नाही, तो काही दिवस अलीकडे सरकला.

विसाव्या दिवशी पेटीतून चिवचिव आली. कवच न फोडताच, आतल्या हवेच्या पोकळीत चोच घालून पिल्लू पहिला श्वास घेते आणि ओरडते. मी नातीला उठवले. मग दोघेही दर पाव तासाने दार उघडून बघू लागलो. पंचेचाळीसपैकी एकोणचाळीस पिल्ले बाहेर आली. ओली, कुरूप, थकलेली. बलकाचा शेवटचा साठा पोटात घेऊन ती येतात, त्यामुळे दोन दिवस दाणा-पाणी नसले तरी चालते. याच सोयीवर पिल्लांचा सगळा व्यापार उभा आहे.

उरली सहा अंडी. पाच गप्प होती. सहाव्याला ज्वारीच्या दाण्याएवढे भोक पडलेले, आत चोच दिसत होती, आणि चोवीस तास झाले तरी पुढे काही नाही.

माझी आई तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांची होती. तिने जन्मभर डालग्याखाली कोंबड्या वाढवल्या. खाटेवरून म्हणाली, "मुर्गी उठ गई के उठ गई. पीछे के अंडे वो देखती नइं. हात मत लगा. लगाया तो उसकू जनमभर तूच देखना पडेगा." अनुभवी लोकही हेच सांगतात. स्वतःहून बाहेर न येणाऱ्याला ओढून काढले की ते बहुधा अधू निघते.

अबुल अला मअर्री या अकराव्या शतकातल्या अंध अरबी कवीची एक गोष्ट आहे. तो मांस, अंडी, दूध काहीच खात नसे. आजारपणात हकिमाने त्याच्यासाठी कोंबडीचे पिल्लू सांगितले. शिजवून पुढे आलेले पिल्लू हाताने चाचपून तो त्यालाच म्हणाला, तू दुबळे सापडलेस म्हणून तुझे नाव सुचले. सिंहाच्या बछड्याचे का नाही सुचले? इकबालने 'बाल-ए-जिब्रील'मधल्या एका कवितेत ही गोष्ट घेतली आहे. तिथे पिल्लाऐवजी भाजलेला तितर आहे, आणि तात्पर्य असे की दुर्बळपणा हाच अपराध, त्याची शिक्षा मरण. तरुणपणी ती कविता मी वर्गात आवेशाने सांगत असे. आपल्या समाजाने दुबळे राहू नये, एवढा तिचा उपयोग होता आणि तो खोटा नव्हता.

पण त्या रात्री पेटीसमोर बसून मला एक गोष्ट दिसली. सहाव्या अंड्यातले पिल्लू दुबळे नव्हते. मी आणि नातीने सारखे दार उघडल्याने आतली वाफ निघून गेली होती आणि कवचाखालचा पापुद्रा वाळून त्याच्या अंगाला कागदासारखा चिकटला होता. आम्ही बाकीच्यांचे कौतुक बघत होतो म्हणून ते अडकले होते. कोंबडी उठते तेव्हा बाहेर आलेल्या पिल्लांसाठी उठते. मी कोंबडी नव्हतो. माझ्या चुकीला निसर्ग म्हणायचे आणि हात झटकायचे, हे मला जमेना. मग वाटले, जगात ज्यांना दुबळे म्हणतात त्यांच्यातल्या कितीजणांच्या पेटीचे दार असेच कुणीतरी उघडे ठेवलेले असेल. इकबालला हे कसे विचारणार?

कोमट पाण्यात कापूस भिजवून मी पापुद्रा ओला करत बसलो. नखाएवढे कवच काढायचे, रक्ताचा ठिपका दिसला की थांबायचे, तासाभराने पुन्हा. फजरच्या अजानपर्यंत ते बाहेर आले. त्याचे दोन्ही पाय दोन दिशांना फाकत होते. चिकटपट्टीची बेडी करून पाय जोडले. चार दिवसांत उभे राहिले, पण डावा पाय कायमचा वाकडा राहिला. आई म्हणाली, "बोली थी ना."

पुढचे दिवस मी पुठ्ठ्याच्या रिंगणाशीच काढले. खाली भाताचे तूस, त्यावर पहिले काही दिवस कागद, वर बल्ब, कडेला मक्याचा भरडा. पहिल्या आठवड्यात तेहतीस-चौतीस अंश हवेत, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. पण थर्मामीटरपेक्षा पिल्ले खरे सांगतात. बल्बखाली ढीग करून ओरडत असतील तर थंडी आहे, कडेला जाऊन चोची उघडून बसली असतील तर उकाडा आहे, आणि सगळीकडे विखरून गप्प निजली असतील तर तुम्हीही थोडे निजा. नवव्या रात्री वळवाच्या पावसात वीज गेली. बाटल्यांत गरम पाणी भरून टॉवेलात गुंडाळून रिंगणात ठेवले, आईची वाकळ वरून टाकली आणि पहाटेपर्यंत तासातासाला पाणी बदलत राहिलो. कोंबडीची छाती किती कामे करते, ते त्या रात्री समजले. त्यात दोन पिल्ले चेंगरून गेली. हे माझ्या हिशेबात आहेत.

आठ आठवड्यांत तुरे दिसू लागले. अडतीसपैकी वीस नर. लंगडेही नरच. इथे मला एक कबुली द्यायला हवी. गावरान कोंबड्याला आपल्याकडे चांगला भाव आहे. कधीकधी तलंगेपेक्षा लवकर खपतो. त्यामुळे नराचे काय करायचे हा प्रश्न माझ्यावर त्या कारखान्याइतका निर्दयपणे आलाच नाही. माझे हात स्वच्छ राहिले ते नीतीमुळे नव्हेत, जातीमुळे. ही शेवाळी, तांबडी, कुठल्याच कामात पहिली न येणारी गावठी जात नसती, आणि पोट या पेटीवर असते, तर मी काय केले असते, हे मला सांगता येत नाही.

पाच महिन्यांनी काही विकले, काही घरासाठी ठेवले. आजोबांची सुरी ट्रंकेत होती. वडील एस.टी.त लागले, मी शाळेत. दोन पिढ्या आमच्यात कुणी ती धरली नव्हती. मी ती मागच्या खोलीत, दार लावून, दगडावर पाजळली. पाणी दाखवले. बटण दाबताना घेतलेली दोन नावे इथे गळ्यात अडकली आणि लहान बिस्मिल्ला बाहेर पडली. तेव्हा मला वाटले ते एवढेच, की ती दोन नावे वगळायचा अधिकार मला मधल्या पाच महिन्यांनी दिला आहे. गुळाचे पाणी, वाकळ, पाय पसरून ऊन खायला मिळालेला उन्हाळा. त्यांची फेड झाली नसती तर माझ्या लहान बिस्मिल्लात आणि त्या यंत्रात फरक काय राहिला असता? तरीही थंड होईपर्यंत उकिडवे बसून राहावे लागलेच, आणि त्या वेळी मला काहीही पटत नव्हते.

माझे एक शाकाहारी सहकारी आहेत, जुने आणि जवळचे. त्यांना हे सारे शब्दांचे खेळ वाटतात. "तुम्ही लाडाने वाढवा की रागाने, त्याला मरणच ना?" ते म्हणतात. बरोबर आहे. मअर्रीपुढे जसे माझ्याकडे उत्तर नाही तसे त्यांच्यापुढेही नाही. फक्त ते रोज सकाळी दोन उकडलेली अंडी खातात, डॉक्टरांनी सांगितले म्हणून, आणि ती वांझ असल्याने त्यांत हिंसा नाही असे मानतात. त्या अंड्यांमागच्या प्रत्येक कोंबडीचा एक भाऊ होता, हे मी त्यांना एकदाच सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मुलाणी सर, तुम्ही माणसाला सुखाने खाऊ देत नाही." मी म्हणालो, मीही नीट खात नाही हल्ली.

लंगडा अजून आहे. उडता येत नसल्याने रात्री त्याला उचलून खुराड्यात ठेवावा लागतो. आई गेल्यानंतरही ते काम माझ्याकडेच आहे. तिने सांगितलेच होते.

गेल्या महिन्यात शेजारचा एक तरुण आला. त्याला घरच्या अंड्यांसाठी वीस पिल्ले हवी होती. "सर, तलंगाच द्या बघून. कोंबडे नकोत, उगाच खातात." मी म्हणालो, एक दिवसाच्या पिल्लात मला ओळखता येत नाही, आणि आले असते तरी निवडून देणार नाही. जसे निघतील तसे, अर्धेअर्धे धरून चाल. तो जरा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "मग त्या कोंबड्यांचं मी करू काय?"

मी त्याला बसायला सांगितले आणि नातीला चहा ठेवायला.